वजन उसाचे आणि गरजेचे

माळशिरस तालुक्यात ऊस कारखान्याला गेला की शेतकऱ्याला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात : वजन किती भरले आणि बिल कधी निघणार? लोकांना संगणकाकडून काय हवे, याचे उत्तरही एकदा उसातच सापडले होते.

१९९८ मध्ये कोल्हापूरकडच्या वारणानगर परिसरातील ७० गावांसाठी सरकार आणि सहकाराने मिळून संगणक केंद्रांची योजना आखली. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, जमिनीचे उतारे गावातच मिळावेत, हा हेतू होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी प्रत्यक्ष वापर तपासला. तो मुख्यतः उसाच्या हिशेबापुरताच निघाला. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल वापरून पाहिला. वजनाचा आकडा एसएमएसवर येऊ लागला.

पण यातून शेतकऱ्याला उतारा नको होता, असे म्हणता येईल का? वापर मोजला की जे मिळते तेवढेच मोजले जाते. न मिळालेल्याची नोंद कुठेच होत नाही. पीककर्जाला सातबारा लागतोच. तलाठ्याच्या सहीसाठी हेलपाटे होतेच. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ मध्ये आला.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदत घातली. त्यामुळे किती अर्ज मुदतीत निकाली निघाले, हे मोजता येते. मात्र अर्ज न करताच खिडकीवरून परतलेल्या माणसाची मोजदाद त्यात नसते. तो कशासाठी आला होता, हे एका वहीत टिपले तरी पुष्कळ कळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)