बालकर्करोग उपचार आणि कुटुंब

बालकर्करोग म्हणजे लहान मुलांना आणि किशोरवयीनांना होणाऱ्या कर्करोगांचा गट होय. त्यावरील उपचार अनेक महिने, काही प्रकारांत दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. प्रवास, खर्च आणि घरी द्यावयाची औषधे ही सर्व जबाबदारी पालकांवर असते. त्यामुळे उपचार पूर्ण होणे हे औषधांइतकेच कुटुंबाच्या परिस्थितीवर अवलंबून राहते.

स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात दरवर्षी ० ते १९ वयोगटातील सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक अल्प व मध्यम उत्पन्न देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठरवले.

ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), मेंदूतील गाठी आणि लिम्फोमा हे मुलांमध्ये अधिक आढळणारे प्रकार आहेत. बालकर्करोग संसर्गजन्य नाही आणि बहुतेक वेळा आनुवंशिकही नसतो. आपल्या चुकीमुळे मूल आजारी पडले, ही अनेक पालकांना छळणारी समजूत निराधार आहे.

उपचारांचा काळ

अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या प्रकारात पहिला टप्पा साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यानंतर तीव्र किमोथेरपीचे काही महिने आणि शेवटी दीर्घ देखभाल टप्पा येतो. या शेवटच्या टप्प्यात मूल बहुतांशी घरी असते. मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा द्यावे लागते. मूल हसत-खेळत असतानाही या गोळ्या न चुकता देणे आवश्यक असते.

किमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. अशा वेळी आलेला ताप ही तातडीची बाब मानली जाते व मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, हातांची स्वच्छता आणि गर्दी टाळणे हा घरातील नित्यक्रम बनतो. गळालेले केस सहसा उपचारांनंतर पुन्हा येतात.

प्रवास आणि निवास

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे–मिरज लोहमार्गावरील गाव आहे. अशा गावातील कुटुंबाला विशेष उपचारांसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, रहिमतपूरपासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तीव्र टप्प्यात तपासण्या वारंवार होत असल्याने रोज ये-जा शक्य नसते आणि कुटुंबाला शहरातच मुक्काम करावा लागतो.

दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगग्रस्त व त्यांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय होते. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ मध्ये मुंबईत सुरू झाली. उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना ती विनामूल्य खोली देते. तेथे आईला स्वतः स्वयंपाक करता येतो, हे संसर्ग टाळण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.

आर्थिक बाजू

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. सध्याचे नाव तिला २०१७ मध्ये मिळाले. तिच्यात कर्करोगावरील अनेक उपचार समाविष्ट आहेत. कुटुंबामागे वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मात्र बुडालेली मजुरी, शहरातील मुक्काम आणि शेतीकडे झालेले दुर्लक्ष हा भार कुटुंबालाच सोसावा लागतो.

भावंडे आणि शाळा

बहुधा आई मुलासोबत रुग्णालयात राहते, वडील कामासाठी गावी परततात आणि इतर मुले आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात. अशा भावंडांमध्ये भीती, मत्सर किंवा अपराधीपणाची भावना दिसू शकते. आजाराविषयी त्यांना व रुग्ण मुलाला वयानुरूप खरी माहिती देणे हितावह मानले जाते. रुग्ण मुलाची शाळा दीर्घकाळ सुटते; परतताना शिक्षक व वर्गमित्रांना आजार संसर्गजन्य नसल्याचे सांगणे उपयुक्त ठरते.

उपचार अर्धवट सोडणे

नियोजित उपचारांत सलग चार किंवा अधिक आठवड्यांचा खंड पडल्यास त्याला उपचारत्याग म्हणण्याचा संकेत आहे. पैशांची चणचण, अंतर, गैरसमज आणि मूल बरे दिसू लागणे ही त्याची प्रमुख कारणे होत. सूज किंवा ताप ओसरला तरी शरीरात कर्करोगाच्या पेशी शिल्लक असू शकतात आणि उपचार थांबल्यास आजार उलटतो. निवास, आर्थिक मदत, समुपदेशन आणि तपासणीला न आलेल्या कुटुंबाला दूरध्वनी करणे या उपायांनी हे प्रमाण घटवता येते. म्हणून निवास आणि समुपदेशन हे बालकर्करोग उपचारांचेच भाग मानले जातात.

उपचारांनंतर

उपचार संपल्यावरही नियमित तपासणी आवश्यक असते. काही औषधांचे व किरणोत्सर्गाचे परिणाम वाढ, हृदय किंवा प्रजननक्षमतेवर अनेक वर्षांनी दिसू शकतात. त्यामुळे उपचारांची कागदपत्रे मूल मोठे होईपर्यंत व त्यानंतरही जपून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन म्हणून पाळला जातो.