पळणे आणि धावणे : इंदापूर-बारामतीकडील शर्यतींविषयी

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले की पळसदेवनंतर लोणी देवकर लागते. एका अंगाला उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, अशी या पट्ट्याची आजची ओळख आहे. या रस्त्याने पहाटे जाणाऱ्यास कडेने धावणारी दोन प्रकारची माणसे दिसतात. एक घोळका विशी-बाविशीच्या मुलांचा. त्यांच्या पायांत मिळेल तो बूट असतो, कधी तोही नसतो. दुसरा घोळका चाळिशी गाठलेल्यांचा. त्यात शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, कारखान्यातील अधिकारी असतात, मनगटावर वेग मोजणारे घड्याळ असते आणि अंगावर मागच्या एखाद्या शर्यतीचा सदरा. पहिल्यांना विचारले तर उत्तर येते, "भरतीसाठी पळतोय." दुसरे सांगतात, "पुढच्या महिन्यात हाफ आहे, त्याचं रनिंग चाललंय." रस्ता एक, वेळ एक, पायांची हालचालही एकच, तरी क्रियापदे दोन. या दोन क्रियापदांमधील अंतराला एक इतिहास आहे आणि तो आमच्या भागापुरता का होईना लिहून पाहावा, असे आम्हांस वाटले.

मराठीत 'पळणे' आणि 'धावणे' हे समानार्थी शब्द मानले जातात. परंतु त्यांच्यापासून झालेले वाक्प्रचार शेजारी ठेवले की त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत हे ध्यानात येते. पळ काढणे, पळवाट, पळपुटा, पळापळ, या सर्वांत माणूस कशापासून तरी दूर जातो. धाव घेणे, हाकेला धावणे, मदतीला धावून येणे, यांत तो कशाच्या तरी दिशेने जातो. देव भक्तासाठी धावतो. तो पळत आला असे कीर्तनकार म्हणणार नाही. पुढे या दोघांचा समास होऊन 'धावपळ' झाली आणि तीत दिशाच उरली नाही. बोलीत हा भेद काटेकोर पाळला जात नाही. आमच्याकडे शर्यतीत माणूस 'पळतो' आणि बैलही 'पळतो'. तरीही भरतीसाठी पळणाऱ्या मुलाच्या तोंडी आलेल्या शब्दात मूळ अर्थाची सावली आहे, असे आम्हांस वाटते. तो कोरडवाहू शेतीपासून, वाटणीत चतकोर झालेल्या रानापासून आणि कंत्राटी कामापासून दूर पळत असतो.

'शर्यत' या शब्दाकडेही थोडे पाहिले पाहिजे. अरबी 'शर्त' म्हणजे अट, करार. तीच मराठीत शर्यत झाली आणि 'शर्थीचे प्रयत्न' यातही तीच आहे. म्हणजे शब्दाच्या पोटात वेग नाही, करार आहे : अमुक केलेस तर तमुक मिळेल. जुन्या काळी पत्रे घेऊन जाणारा जासूद किंवा इंग्रजी अमदानीतील टपालाचा हरकारा असाच अटीवर धावत होता. त्याचे धावणे ही चाकरी होती. त्याला कोणी खेळाडू म्हटले नाही आणि त्यालाही तसे कधी वाटले नसेल.

याच प्रदेशात अटीवाचून धावण्याचीही एक परंपरा आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे येते तेव्हा काटेवाडीस तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीस पहिले गोल रिंगण लागते आणि इंदापुरात दुसरे. रिंगणात अश्व धावतात हे सर्वांना ठाऊक असते. छायाचित्रेही त्यांचीच निघतात. परंतु त्याच वर्तुळात पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी आणि टाळकरी धावतात. प्रत्येक गटाची फेरी वेगळी आणि प्रत्येकाच्या हातांत किंवा डोक्यावर काहीतरी आहे. साठीच्या बाईने नऊवारीचा काष्टा सावरून सर्वांसमक्ष धावावे आणि कोणी हसू नये, अशी मोकळीक गावाने वर्षातून एकदा दिलेली असे ती येथे. या धावण्यात पहिला कोण आणि शेवटचा कोण हे विचारण्याची सोय नाही, कारण मार्ग वर्तुळाकार आहे. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालणारे वारकरी वेळापूरच्या अलीकडे उतारावरून धावत सुटतात, त्यालाही 'धावा' असेच नाव आहे; तेथे 'पळ' म्हटलेले चालणार नाही.

'क्लब' ही संस्था या दोन्हींपेक्षा निराळ्या मुळांतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये धावण्याला संघटित रूप येऊ लागले. लंडनचा 'थेम्स हेअर अँड हाउंड्स' हा रानोमाळ धावणाऱ्यांचा क्लब 1868 मधला. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1866 मध्ये, तेथे 'अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लब' निघाला होता. हौशी खेळाडू कोणास म्हणावे याची त्याने केलेली व्याख्या उद्बोधक आहे. कारागीर आणि मजूर यांना तीत जागा नव्हती. कारण वरवर पाहता तर्कशुद्ध होते : अंगमेहनतीवर जगणाऱ्याचे शरीर आधीच कसलेले, तेव्हा त्याच्याशी सामना समान कसा होईल? खरे कारण सामाजिक होते. धावण्याचा आनंद हा ज्याला धावण्याची गरज नाही त्याचाच हक्क, असे ती व्याख्या सांगत होती. 1880 मध्ये नवी संघटना आली आणि हे कलम गळाले. कलमामागचा समज मात्र सहजी गळाला नाही.

आमच्या प्रांतात मात्र या इतिहासाने उलटे वळण घेतले. पुण्यात 1906 मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्याच्या 1919 च्या क्रीडास्पर्धा अध्यक्ष या नात्याने दोराबजी टाटा पाहत होते. पुढे ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या दिवसाची हकीकत दिली आहे. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील तरुण होते. रीतसर शिक्षण नाही, युरोपीय नियमांची ओळख नाही, खाणेपिणे बेताचे. तरीही त्या अनवाणी धावकांच्या वेळा युरोपातील वेळांच्या जवळपास जात होत्या. भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवावा हा विचार येथून पुढे सरकला. 1866 च्या व्याख्येने ज्यांना दाराबाहेर ठेवले असते, नेमक्या त्यांच्याच पायांवर भारतीय ऑलिंपिकची पहिली उभारणी झाली.

1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी निवडलेल्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर 42.75 किलोमीटर होते. आज सर्वमान्य असलेले 42.195 किलोमीटर त्यानंतरच्या वर्षी कायम झाले. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. विजेता फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्यापुढे सुमारे अठरा मिनिटे होता. सदाशिव दातार हेही त्याच शर्यतीत उतरले होते. मराठी मुलखाच्या या धावकांची नावे आमच्या पाठ्यपुस्तकांतून शोधावी लागतात. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेले कांस्यपदक आम्ही निदान उशिरा का होईना आठवले. एकोणिसाव्या क्रमांकाला स्मारक नसते.

यानंतर धावण्याचा इतिहास आमच्याकडे बराच काळ शाळेच्या मैदानात आणि लष्कराच्या छावणीत राहिला. सर्वसामान्य माणसाने, विशेषतः स्त्रीने, केवळ हौसेखातर रस्त्यावर धावावे ही कल्पना जगातही फार जुनी नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ऑकलंडमध्ये प्रौढांना सावकाश धावावयास शिकवले ते 1960 च्या दशकाच्या प्रारंभी. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती 1984 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, 1983 मध्ये, पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि 2004 मध्ये मुंबईची. मग साताऱ्याची घाटातली अर्धमॅरेथॉन आली आणि तालुक्यांच्या गावांपर्यंत दहा किलोमीटर, एकवीस किलोमीटर, ज्येष्ठांची तीन किलोमीटर अशी विविध अंतरे पोचली. इंग्लंडातील क्लब जवळपास दीडशे वर्षे घेत आमच्या चहाच्या टपरीपर्यंत आला तो हा असा.

या टप्प्यावर बारामतीच्या लता भगवान करे यांची कथा येते. साठी ओलांडलेल्या या मजूर स्त्रीला नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या गटाला रोख बक्षीस आहे हे समजल्यावर त्या नऊवारीतच उभ्या राहिल्या, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पुढेही त्यांनी ही शर्यत जिंकली. त्यांच्यावर 2020 मध्ये त्यांच्याच नावाचा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली आणि 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला.

ही कथा सांगताना आपण सारे गहिवरतो आणि नेमकी तेथेच आमची अडचण सुरू होते. अनवाणी पाय आणि नऊवारी यांची प्रतिमा इतकी देखणी होते की त्यामागची अट नजरेआड होते. ज्येष्ठांच्या त्या गटात इतर बहुतेक जण आरोग्यासाठी, गंमत म्हणून, नातवंडांनी आग्रह केला म्हणून आले असतील. एकीसाठी ती जुन्या अर्थाने शर्यत होती : जिंकलीस तर तपासणी. दोराबजींनी पाहिलेल्या तरुणांचे अनवाणी पाय आणि त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी बारामतीच्या रस्त्यावर दिसलेले हे पाय यांत साम्य दिसते. ते साम्य कौतुकाचे मानावे की काळजीचे, याचे उत्तर आमच्या समीक्षकांनीही द्यावयास हवे. कष्टकऱ्याच्या सोसण्याला सौंदर्य बहाल करून मोकळे होण्याची सवय आमच्या साहित्यालाही आहेच.

ही अट किती निष्ठुर असू शकते हे 2014 च्या जूनमध्ये दिसले. मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे मृत्यू झाले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. अलीकडे पुरुष उमेदवारांची मुख्य धाव 1600 मीटरची आणि स्त्रियांची 800 मीटरची असते. लोणी देवकरच्या रस्त्यावर पळणाऱ्या मुलाच्या आयुष्यात शर्यत अशी एकच आहे. तिच्या सेकंदासेकंदाला गुण आहेत. जुन्या कालमापनात चोवीस सेकंदांना 'पळ' म्हणत. या मुलांचे वर्षभराचे कष्ट अशा अर्ध्या पळात निकालात निघतात. वयोमर्यादा संपते त्या दिवशी त्याचे पळणेही संपते. तिशीनंतर तो रस्त्यावर दिसत नाही. त्याच वयात क्लबातला माणूस धावू लागलेला असतो.

आमच्या मते क्लबाचे खरे वैशिष्ट्य वेगात किंवा पदकात नाही, शर्यतींच्या वैविध्यात आहे. त्याचे सभासद एका महिन्यात सपाटीवर धावतात, दुसऱ्या महिन्यात घाटात. कोणी दहा किलोमीटरवर समाधानी असतो, कोणी बेचाळीसचा हट्ट धरतो. वैविध्य म्हणजे निवड, आणि निवड ही ज्याला हरल्याने काही गमवावे लागत नाही त्याची मिरास. ज्यांना ती मिळाली त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. दुष्काळी माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत सलग तीन वर्षे पहिल्या आल्या. मग त्या अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळल्या आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर धावक झाले. 2020 मध्ये दिल्लीत त्यांनी अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पूर्ण केली आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण मिळवले. दोघांनाही एका शर्यतीतून दुसरीत जाता आले, कारण एकीमागे रेल्वे आणि दुसऱ्यामागे सैन्य उभे होते. म्हणजे नोकरीची अट पुरी झाल्यावर धावणे मोकळे झाले. ज्यांची अट पुरी होत नाही त्यांची गणती कोठेच नाही.

म्हणून आमच्यासारख्या तालुक्यात क्लबापुढचा प्रश्न आरोग्याचा नाही. महामार्गाच्या कडेने जाणारे ते दोन घोळके परस्परांना ओलांडतात, क्वचित हात उंचावतात आणि आपापल्या दिशेने निघून जातात. क्लबातील शिक्षकाने भरतीच्या मुलाला बूट द्यावेत हे बरेच; भरती हुकलेल्या तिशीच्या मुलाला त्याने पुढल्या शर्यतीचे नाव नोंदवायला लावावे, त्याचे शुल्क सर्वांनी मिळून भरावे, हे अधिक बरे. मुलाच्या पायांत दहा वर्षांची तयारी आहे. त्याला फक्त ज्यात काही मिळवायचे नाही अशी शर्यत ठाऊक नाही. ती त्याने लहानपणी इंदापूरच्या रिंगणात, आईच्या खांद्यावरून पाहिलेली असते. पुढे अर्ज भरण्याच्या धांदलीत ती मागे पडते.

उजाडते तशी रस्त्यावर वाहनांची गर्दी वाढू लागते. कामगारांच्या गाड्या वसाहतीच्या फाटकाशी थांबतात. क्लबातली मंडळी टपरीपाशी घड्याळे ताडून पाहतात. मुले अंगावरचा घाम पुसून घराकडे वळलेली असतात, कारण त्यांना दुपारी अभ्यासिकेत बसायचे असते आणि त्याआधी गुरांचे पाहायचे असते.