गोधडी शिवणारीचा आनंद : महाराष्ट्रातील स्त्रीश्रमाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

गोधडी ही महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली वस्तू आहे. तथापि इतिहासलेखनात तिची दखल क्वचितच घेतली गेली आहे. कुठे गोधडी तर कुठे वाकळ या नावाने ती ओळखली जाते. कर्नाटकातील कौदी आणि बंगालमधील कांथा ही तिचीच भावंडे होत. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून ते धावदोऱ्याने एकत्र बांधणे हे या सर्वांमागील समान तंत्र आहे. गोधडीचा उल्लेख झालाच तर तो बहुधा दारिद्र्याची खूण किंवा काटकसरीचे उदाहरण म्हणून होतो. ही दोन्ही निरीक्षणे खरी असली तरी अपुरी आहेत. गोधडी शिवण्यात शिवणारीला मिळणारा आनंद हाही एक ऐतिहासिक पुरावा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास सामान्य स्त्रीच्या निर्णयशक्तीचा इतिहास हातून निसटतो, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

चिंध्यांचे दोन अर्थ

भारतीय परंपरेत जोडलेल्या कापडाला प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने विरक्तीचे चिन्ह म्हणून. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून तयार केले जाई. मगधातील बांध घातलेल्या शेतांप्रमाणे चीवराची रचना करावी, असे भगवान बुद्धांनी आनंदास सांगितल्याची कथा विनयपिटकात येते. नाथपंथीय योग्याच्या वेषात कंथेला स्थान आहे. अगदी अलीकडच्या काळात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र आयुष्यभर अंगावर वागवले. या सर्व उदाहरणांत चिंधी ही त्यागाची भाषा बोलते.

घरातील गोधडीची भाषा याहून वेगळी आहे. तिच्यातील प्रत्येक तुकडा टाकून न देता जपून ठेवलेला असतो आणि बहुतेक तुकड्यांशी कोणाची तरी आठवण निगडित असते. लग्नातल्या लुगड्याचा काठ, माहेरहून आलेल्या खणाची उरलेली पट्टी, दिवंगत सासऱ्यांचे धोतर, मुलाचे अंगाला न बसणारे अंगडे अशा कापडांना तीत जागा मिळते. संन्याशाची कंथा विरक्ती सांगते, तर स्त्रीने शिवलेली गोधडी आसक्ती सांगते. पहिलीला धर्मग्रंथांत स्थान मिळाले. दुसरीचे विवेचन मात्र झाले नाही.

शिवणीची प्रक्रिया आणि आनंदाची स्थाने

शेतीच्या वर्षात गोधडीला ठरलेला काळ असे. सुगी उरकल्यावर, पावसाळ्यापूर्वीच्या मोकळ्या दुपारी हे काम निघे. वर्षभर गाठोड्यात साठवलेली कापडे सोडली जात. धड निघालेले भाग वेगळे काढले जात. जमिनीवर तळाचे लुगडे ताणून पसरायचे, कडांवर दगड ठेवायचे, त्यावर थर घालायचे आणि सर्वांत वर तुकड्यांची मांडणी करायची, असा सर्वसाधारण क्रम होता. अनेक ठिकाणी काठाला समांतर टाके घालत शिवण मध्याकडे नेली जाई.

या प्रक्रियेत आनंदाची किमान तीन स्थाने दिसतात. पहिले स्थान मांडणीचे. अंगावरच्या लुगड्याचा रंग बहुधा ऐपतीने, रिवाजाने किंवा खरेदी करणाऱ्या पुरुषाने ठरवलेला असे. मात्र तेच लुगडे विरल्यावर त्याचा तुकडा हिरव्याशेजारी लावावा की पिवळ्याशेजारी, हे शिवणारी स्वतः ठरवी. दुसरे स्थान संगतीचे. मोठी गोधडी एकटीने ताणणे कठीण असल्याने शेजारणी चारी बाजूंनी बसत. हात चालू असल्यामुळे त्या बसण्याला कोणी रिकामपण म्हणत नसे आणि बोलण्याला पुरेसा अवकाश मिळे. तिसरे स्थान ओळखीचे. गोधडी अंथरल्यावर हा तुकडा कशातला, हे मुलांना सांगणे हा घराच्या मौखिक इतिहासाचाच एक भाग होता. नवरात्रापूर्वी घरातील सर्व गोधड्या धुऊन वाळत घालण्याची प्रथा होती. नदीकाठच्या खडकांवर त्या पसरल्या की कोणाचा हात बारीक आणि कोणाचा टाका लांब, हे साऱ्या गावाला दिसे. त्या दिवशी ते काठ शिवणाऱ्या स्त्रियांचे जणू प्रदर्शनच ठरत.

हा आनंद उपयुक्ततेत संपत नाही, याचा स्पष्ट दाखला शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मिळतो. तेथील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील अनेकांचे पूर्वज गोव्यातून आले. या समाजातील स्त्रिया आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात आणि त्यांना फुले म्हणतात. या फुलांनी ऊब वाढत नाही, तरी त्यांवाचून गोधडी पूर्ण झाली असे मानले जात नाही.

साधनांचा प्रश्न

मग या आनंदाची नोंद का झाली नाही? त्याचे पहिले कारण वस्तूच्या स्वरूपात आहे. गोधडी वापरून संपते. ती विरली की नव्या गोधडीच्या पोटात जाते, पुढे पायपुसणे होते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) ज्या कापडावर पंचीकरण लिहिले ती पासोडी शतकानुशतके जतन झाली, कारण तिच्यावर अक्षरे होती. टाक्यांना अक्षरांचा मान मिळाला नाही.

दुसरे कारण नोंद करणाऱ्याच्या दृष्टीत आहे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये निरनिराळ्या जातींच्या घरसामानाची व कपड्यांची वर्णने किमतींसह येतात. अशा मोजणीत जुन्या कापडाचे मोल नगण्य ठरते आणि त्यावर खर्ची पडलेल्या दुपारींचा हिशेब तर कोठेच लागत नाही. याउलट जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण बोलके आहे. हेमा राईरकर व गी प्वातवां यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि दळणाऱ्या स्त्रीचे मन अभ्यासकांपुढे आले. गोधडी शिवणारीला मात्र शब्दांचे असे भांडार लाभले नाही.

बदलते अर्थकारण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या लुगड्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर पोहोचू लागली आणि बोहारीण जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात पातेली, डबे देऊ लागली. याच सुमारास सुती लुगड्यांची जागा नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्यांनी घेतली. हे कापड सुईखाली सरकते, घाम टिपत नाही आणि धुऊन धुऊन सुतासारखे मऊही होत नाही. सोलापुरी चादरी आणि गिरणीतली ब्लँकेटे स्वस्त झाल्यावर गोधडीची निकडही कमी झाली.

आज महिला बचत गट व छोटे उद्योग नव्या कापडाच्या गोधड्या शिवून विकतात. या कामातून स्त्रीच्या हाती स्वतःचे पैसे येतात, ही बाब क्षुल्लक नाही. मात्र रंग, आकार व नक्षी ग्राहक ठरवतो तेव्हा मांडणीचा निर्णय शिवणारीकडे उरत नाही. ज्या एका ठिकाणी तिची निवड चालत होती, तेथेच ती आता मजूर होण्याचा धोका आहे.

समारोप

गोधडीतील आनंदाची चर्चा करताना गरिबीचे उदात्तीकरण होऊ नये, ही दक्षता आवश्यक आहे. पाठीला लागलेली रग, अंधूक उजेडात शिणलेले डोळे आणि नवे पांघरूण घेण्याची नसलेली ऐपत ही वस्तुस्थिती होती. परंतु केवळ अभाव नोंदवल्यास त्या स्त्रीने अभावात काय निर्माण केले हे अदृश्य राहते. या दृष्टीने महाविद्यालयीन स्तरावर एक साधे काम हाती घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील एक गोधडी अंथरून आजीला तिच्यातील तुकड्यांविषयी विचारावे आणि मिळालेली माहिती तारीख-वारासह लिहून ठेवावी. ही साधने कपाटात सुरक्षित नाहीत. ती रोज वापरली जात आहेत, विरत आहेत. त्यांचा अर्थ सांगणाऱ्या स्त्रियाही थकत चालल्या आहेत. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.