ट्यूब ॲम्प्लिफायर उघडण्यापूर्वी

ट्यूब ॲम्प्लिफायरचे बटण बंद केले, पिन भिंतीतून काढली, व्हॉल्व्हमधली तांबूस धग विझली, तरी यंत्र निर्धोक झाले असे होत नाही. लहान गिटार ॲम्प्लिफायरमध्येही ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर मिळून २५० ते ३५० व्होल्ट डीसी दाब तयार करतात. मोठ्या यंत्रांत तो ४५० व्होल्टच्या पुढे जातो. हा दाब स्थिर राखणारे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे जुन्या रेडिओ कारागिरांचे कंडेन्सर, पिन काढल्यावरही वीज साठवून ठेवतात. काही यंत्रांत हा साठा मिनिटभरात उतरतो, काहींत तो तासन्‌तास टिकतो. आवाजात मनासारखा बदल करण्याच्या हौसेने चासी उघडणाऱ्याला सर्वाधिक भय आहे ते याच साठ्याचे.

हौस मात्र जुनी आणि प्रतिष्ठित आहे. १९६२ मध्ये लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला जेटीएम ४५ तयार झाला, तो अमेरिकेतील फेंडर बासमनचा आराखडा समोर ठेवून. पुढे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या चिमुकल्या प्रिन्स्टनमध्ये अधिक ताकदीची यंत्रणा बसवली आणि त्यातून मेसा बूगी ही कंपनी उभी राहिली. परंतु हे काम करणारे हात दुरुस्तीत मुरलेले होते.

नवशिक्याने आरंभ करावा तो चासी न उघडता. एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनियर हे त्यासाठी चांगले उदाहरण. ५ वॅटच्या या यंत्रात एक १२एएक्स७ आणि एक ईएल८४ असे दोनच व्हॉल्व्ह आहेत. १२एएक्स७ चा वर्धनांक १००. त्याच्या जागी तशाच नऊ पिनांचा, ७० वर्धनांकाचा ५७५१ किंवा त्याहून सौम्य १२एवाय७ बसवला, की आवाज फाटण्याची सुरुवात उशिरा होते. यंत्र बंद करून, काच थंड झाल्यावर व्हॉल्व्ह सरळ वर ओढावा. पॉवर व्हॉल्व्हला मात्र हात लावू नये. अनेक यंत्रांत तो बदलल्यावर बायस मोजून जुळवावा लागतो. स्पीकर बदलणेही सोपे आहे. फक्त त्याचे ओहम जुन्याइतकेच हवेत. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बोटीवर नोकरी करणाऱ्या आप्ताने अमेरिकेतून आणलेले यंत्र बहुधा १२० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नये. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला, तर त्यातून अर्थिंगची तार पुढे जाते की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असूनही त्यामागे अर्थिंग नसते, असेही आढळते. गुणगुण थांबावी म्हणून अर्थची पिन तोडणारे वादक आहेत. चासीत बिघाड झाल्यास गिटारच्या तारांतूनच झटका बसण्याची ती तयारी होय. दोन पिनांची वायर असलेले जुने यंत्र आधी जाणकाराकडून तीन पिनांचे करून घ्यावे, मग बाकीचे बेत.

चासी उघडायचीच झाली, तर यंत्राचा आराखडा मिळवावा आणि फिल्टर कपॅसिटर कोठे आहेत ते त्यावर ओळखावे. ते ओळखता आले नाहीत, तर काम तेथेच थांबवावे. पिन काढून ती डोळ्यांसमोर ठेवावी. अंगठी, घड्याळ उतरवावे. १० किलोओहमचा, ५ ते १० वॅटचा रेझिस्टर घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या क्लिपच्या तारा जोडाव्यात आणि उघडा धातू झाकून टाकावा. एक क्लिप चासीला लावावी, दुसरी फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला. हे करताना दुसरा हात खिशात असावा, कारण एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह छातीतून जातो. अर्ध्या मिनिटाने मीटरवर प्रत्येक कपॅसिटरचा डीसी दाब पाहावा. मीटर ६०० व्होल्ट किंवा अधिक क्षमतेचा हवा आणि तो आधी एखाद्या चांगल्या बॅटरीवर लावून पाहिलेला हवा. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. उतरलेला दाब थोडा पुन्हा वर येऊ शकतो, म्हणून काम चालू असेपर्यंत क्लिप तशीच राहू द्यावी. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडण्याची रीत काही दुकानांत दिसते. तिने कपॅसिटरही बिघडतो आणि हातही दचकतो.

पहिला बदल लहान असावा. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर अनेक यंत्रांत एक रेझिस्टर आणि त्याला समांतर एक कपॅसिटर असतो. फेंडरच्या घडणीत ही जोडी बहुधा १.५ किलोओहम आणि २५ मायक्रोफॅरडची, मार्शलच्या काही यंत्रांत २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरडची. कपॅसिटर लहान केला की खर्ज आवरतो, गिटार उठून दिसते. येथे चालू स्थितीतही दाब एक-दोन व्होल्टच असतो, म्हणून हा भाग नवशिक्याला मानवतो. अर्थात शेजारच्या पिनेवर शेकडो व्होल्ट असतात. व्हॉल्व्हच्या प्लेटपासून पुढे जाणारा कपॅसिटर बदलायचा असेल, तर तो किमान ४०० व्होल्टचा घ्यावा.

डाख देऊन झाल्यावर चासीतील तारांचे तुकडे झटकावेत, रेझिस्टरची क्लिप काढावी, स्पीकर जोडावा. पहिल्यांदा यंत्र थेट भिंतीला न लावता, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे असतो तशा सिरीज बोर्डावर ६० वॅटचा तारेचा बल्ब लावून चालू करावे. एलईडी येथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो प्रखरच राहिला, तर पिन काढावी आणि कपॅसिटर रिकामे करण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. एका वेळी एकच बदल करावा, आधी छायाचित्र घ्यावे, आणि काढलेला भाग तारखेसह पाकिटात घालून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवावा.