पुतण्याची जपानी मोटार

आमच्या घराण्यात मोटारींचा धंदा आजवर कोणी केला नाही. एका मोटारीने मात्र आम्हाला चांगलेच धंद्याला लावले होते. म्हणून परवा पुतण्या "काका, धंदा सापडला!" असे ओरडत आला, तेव्हा मी आधी चष्मा पुसायला घेतला. मी चष्मा पुसू लागलो की मागोमाग नकार येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

धंदा असा. जपानमधल्या जुन्या मोटारी स्वस्तात उचलायच्या आणि बुलढाण्यात आणून विकायच्या. भांडवलाला चिखली रोडवरचा आमचा सामाईक प्लॉट. माझी फक्त सही!

"अरे, जिल्ह्याचं ठिकाण असून इथे रेल्वे नाही. खामगाव-जालना लाइनीची मागणी शंभर वर्षांची म्हातारी झाली. आणि तू जपानहून मोटारी आणणार?"

"काका, रेल्वे कायले लागते? मोटार सोताच चालत येते ना!"

यावर उत्तर नव्हते. म्हणून मी वाचनालय गाठले. निवृत्त मास्तराजवळ दुसरे शस्त्र नसते.

पहिली शंका ही, की जपानी माणूस चांगली चालती मोटार विकतो कशाला? तर तिथे 'शाकेन' नावाची सरकारी तपासणी असते. नवी गाडी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. कर, विमा आणि दुरुस्ती धरून खर्च एवढा, की जुनी गाडी तपासणीला न्यावी की विकून मोकळे व्हावे, असा विचार सुखवस्तू माणूसही करतो. शिवाय १९६२ च्या कायद्याने गाडी ठेवायला जागा दाखवावी लागते. (हा कायदा आमच्याकडे लागला तर अर्ध्या बुलढाण्याला मोटार माजघरात घ्यावी लागेल.)

मग या मोटारी परदेशी नांदायला जातात, वर्षाला दहा लाखांच्या वर. जपान आपल्यासारखाच डाव्या बाजूने चालणारा, स्टिअरिंग उजवीकडे. तेव्हा पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, केनिया, न्यूझीलंड ही सोयीची सासरे. पण गरज सोय पाहत नाही. ब्रह्मदेशाने १९७० साली वाहतूक एका रात्रीत डावीकडून उजवीकडे नेली. पुढे बसगाड्या जपानच्याच आल्या आणि प्रवासी भर रस्त्याच्या मधोमध उतरू लागले. रशियाच्या व्लादिवोस्तोकमध्ये रस्ता उजवा आणि स्टिअरिंगही उजवे. तिथे डिसेंबर २००८ मध्ये सरकारने जुन्या परदेशी गाड्यांवरची जकात वाढवायचे ठरवले, तर लोक रस्त्यावर उतरले. त्यांना आवरायला पोलीस थेट मॉस्कोहून आणावे लागले! जुन्या मोटारीवर माणसाचा इतका जीव असतो.

आणि आपण? आपल्या सरकारने २००१ साली दार उघडले खरे, पण मांजर जाईल एवढेच. गाडी तीन वर्षांहून जुनी नको, ती आणखी पाच वर्षे चालेल असा दाखला हवा, उतरवायची ती मुंबई बंदरातच. वर जकात किमतीच्या शंभर टक्क्यांहून अधिक. म्हणजे जपानी माणूस स्वस्तात सोडतो ती गाडी आपल्याला चालत नाही, आणि आपल्याला चालते ती तो स्वस्तात सोडत नाही. देशातले कारखाने जगावेत हा हेतू. तो वाईट म्हणवत नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तीही सुझुकीचा हात धरूनच, पण कारखाना इथे घालून.

हे सगळे पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "तुमाले भेव वाटते, काका." ते मात्र खरे होते.

१९७८ साली मी आणि त्याच्या वडिलांनी मुंबईहून जुनी फियाट आणली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावायचा तो काळ. "डॉक्टरची गाडी, एकहाती," विकणाऱ्याने सांगितले. पैसे आईच्या पाटल्यांचे. टॅक्सी म्हणून मलकापूर-बुलढाणा चालवू, सहा महिन्यांत पाटल्या सोडवू, असा हिशोब दादाने वहीत मांडला होता. राजूरचा घाट पहिल्याच फेरीत गाडी अर्धा चढली आणि तिथेच तिने वाफेचा सुस्कारा टाकला. मिस्त्रीने आत डोकावून विचारले, "डॉक्टर जनावराचा होता का हो?"

पाटल्या सुटल्या नाहीत. आईने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. फक्त घाटातून एस.टी.ने जाताना ती खिडकीबाहेर पाहत नसे.

पुतण्याला ही गोष्ट त्याच्या वडिलांनी सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "प्लॉट इकायचा नाई, काका."

आता तो पुण्याच्या जुन्या गाड्या आणतो आणि विकायला त्याच प्लॉटवर उभ्या करतो. काल एका पांढऱ्या गाडीच्या काचेवर पाटी पाहिली: 'डॉक्टरची गाडी'. मी चष्मा काढला.

"खराच हाय, काका," तो घाईने म्हणाला, "दाताचा."