इनलाइन हॉकीची चाके (मैदानी खेळासाठी)

उघड्या डांबरी किंवा सिमेंटच्या मैदानावर हॉकी खेळताना इनलाइन स्केटला लावायची पॉलियुरेथेनची चाके. ती एका ओळीत, बहुधा चार असतात. बर्फ नसतानाही आइस हॉकीच्या खेळाडूंना सराव करता यावा, म्हणून अमेरिकेतील मिनीआपोलिसच्या स्कॉट ओल्सन यांनी १९८०च्या सुमारास असे स्केट सुधारून विकायला सुरुवात केली. पुढे न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कसारख्या डांबरी पटांगणांवर हा खेळ रंगू लागला.

चाक निवडताना सर्वांत आधी त्याचा टणकपणा पाहावा. तो ‘शोर ए’ मोजपट्टीवर मोजतात. उपकरणाचे टोक जितके कमी रुतते, तितका आकडा मोठा. बंदिस्त, गुळगुळीत मैदानावर साधारण ७२ ते ७८ एची मऊ चाके लागतात, कारण तिथे पकड चाकालाच द्यावी लागते. डांबरावर उलटे घडते. वर आलेली खडी आपणच पकड देते आणि मऊ चाकाची अक्षरशः साल काढते. आतली कड तिरपी घासली जाते, मग तिचे लहान लहान तुकडे उडतात. म्हणून बाहेर ८२ ते ८५ ए किंवा त्याहून टणक चाके घ्यावीत. वजनदार खेळाडूने यातला वरचा आकडा निवडावा. घोटलेल्या सिमेंटवर मात्र फार टणक चाक निसटते, रंगवलेल्या पट्ट्यांवर तर हमखास. तिथे ८० ते ८२ ए बरे. दोन कंपन्यांचे ८४ ए सारखे धावतीलच असे नाही. युरेथेनचा कसही त्यात असतो. तरीही महागडे मऊ चाक डांबरावर नेण्यापेक्षा साधे टणक चाक केव्हाही चांगले.

व्यास ठरतो तो पट्टीवरून, म्हणजे चाके धरणाऱ्या चौकटीवरून. ७२, ७६ आणि ८० मिलिमीटर ही हॉकीतली नेहमीची मापे. काही पट्ट्यांवर पुढची दोन चाके लहान, मागची दोन मोठी असतात. मोठे चाक भेगा सहज ओलांडते, लहान चाक झटकन वळते. पण पट्टी ज्या मापांसाठी बनली आहे ती मोडू नयेत.

बेअरिंग सहसा ६०८ मापाचे, बाहेरून २२ मिलिमीटर. काही चाके लहान बेअरिंगसाठी असतात, तेव्हा खरेदीआधी खात्री करावी. बेअरिंगवरचा ‘एबेक’ आकडा घडणीतली अचूकता सांगतो, धूळ रोखण्याची ताकद नव्हे. बाहेर झाकणाचे बेअरिंग आणि नियमित सफाई अधिक मोलाची.

आतली कड आधी झिजत असल्याने चाके वरचेवर फिरवावीत: पहिले तिसऱ्याच्या, दुसरे चौथ्याच्या जागी, आणि आतली बाजू बाहेर. दोन मापांच्या पट्टीवर अदलाबदल समान मापांतच करावी. युरेथेन गाभ्यापासून सुटू लागले, तर ते चाक टाकून द्यावे.