बोटभर स्पंज

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त माझ्या शिलाई मशीनचं.

धाकटी नात नववीत आहे आणि तिला रग्बीचं वेड लागलंय. आमच्या मांजरीत मुलींनी खो-खो खेळावा, फार तर कबड्डी, अशी माझ्या पिढीची समजूत. असो. मागच्या महिन्यात सरावात खांदा चांगलाच शेकून घेऊन ती घरी आली. मला राहवलं नाही. खुर्चीच्या जुन्या गादीतला फोम कापून तिच्या जर्सीला आतून दोन्ही खांद्यांवर शिवून दिला. चांगला दोन बोटं जाड! सामन्याआधी पंचबाईंनी सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं, बुटांचे तळवे बघितले, खांदे चाचपले आणि हिला बाजूला काढलं. "हे उसव, मग आत ये." प्रशिक्षकांनी प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री दिली, पोरीने तिथेच उसवलं आणि खेळली. घरी येऊन मला म्हणाली, "आजी, तुझा फोम बेकायदेशीर होता."

मला रागच आला. लागू नये म्हणून शिवलं, त्यात बेकायदेशीर काय? पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. नियम दिसला की तो कधी आला आणि का आला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मुलाच्या कॉम्प्युटरवर बसून दोन-तीन दुपारी घालवल्या.

इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेत १८४५ साली मुलांनी खेळाचे नियम लिहून काढले. त्यात पोशाखाबद्दलचा एक नियम असा, की बुटांच्या तळव्याला किंवा टाचेला बाहेर आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या नकोत. गंमत म्हणजे तेव्हा समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हा खेळाचाच भाग होता. म्हणजे लाथ चालेल, खिळ्याची नको! याच लाथेवरून १८६३ मध्ये लंडनला मोठं भांडण झालं आणि फुटबॉलवाल्यांची आणि यांची वाट वेगळी झाली. पुढे १८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली आणि तिने लाथही बंद केली.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. पोशाखाचा नियम आला तो स्वतःच्या नडगीसाठी नाही, समोरच्याच्या नडगीसाठी. माझ्या डोक्यात नेमकं उलटं होतं.

(जाता जाता आपल्याकडचं सांगते. हा खेळ हिंदुस्थानात आला तो कलकत्त्याला, १८७२ च्या नाताळात. तिथला क्लब पुढे मोडला, तेव्हा खात्यातले चांदीचे २७० रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक केला. नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता कपासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून खेळतात. आणि भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली डॉ. वाहबिझ भरुचा पुण्याचीच.)

आता माझ्या फोमकडे येते. जुन्या नियमपुस्तकांत, म्हणजे साधारण १९७०-८० च्या सुमाराच्या, पट्ट्यांनी बांधायच्या खांदेपट्ट्यांना साफ बंदी होती. पण एक सवलत होती. खेळाडूचा खांदा आधी दुखावलेला आहे आणि त्याला संरक्षणाची गरज आहे, अशी सामन्याआधी पंचांची खात्री पटली, तर कापूस किंवा स्पंज यांसारख्या मऊ वस्तूची गादी अंगाला चिकटवून किंवा जर्सीला शिवून चालेल. वाचून मी मोठ्याने हसले. जर्सीला शिवून! म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पंचबाईंना विनंती केली असती, तर कदाचित माझं शिवण पास झालं असतं.

ती सवलत पंचांच्या मनावर होती. एकाची खात्री पटणार, दुसऱ्याची नाही. पुढे खेळ १९९५ मध्ये व्यावसायिक झाला, गाद्या बनवणाऱ्या कंपन्या आल्या आणि मापं ठरली. आता खांद्याची गादी कुणालाही घालता येते, पण ती मऊ हवी, फक्त खांदा आणि गळ्याजवळचं हाड झाकणारी हवी, न दाबता मोजली तर कुठेही एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि घनमीटरला ४५ किलोपेक्षा घट्ट नको. डोक्यावरच्या मऊ टोपीलाही तेच माप. चड्डीला मात्र गादी शिवायचीच नाही. धातू, चेन, बकल, अंगठी, कानातलं, काही नको. सामन्याआधी पंचांनी एखादी वस्तू काढायला सांगितली आणि तीच घालून खेळाडू मैदानात सापडला, तर थेट बाहेर.

घनमीटरचं वजन मैदानावर कोण मोजणार? पंच बघतात ते मान्यतेचा शिक्का, आणि बाकी बोटांनी चाचपतात. कबड्डीत नखं वाढलीत का, अंगाला तेल चोळलंय का, हे पंच हात लावून बघायचे, ते मला आठवलं.

पण एक सेंटिमीटरच का? याचं उत्तर अमेरिकेत मिळालं. रग्बीतूनच निघालेल्या त्यांच्या फुटबॉलने उलटा रस्ता धरला. गाद्या वाढल्या, टोपीचं कडक शिरस्त्राण झालं, १९४३ पासून त्यांच्या व्यावसायिक संघांत ते सक्तीचं झालं. मग डोकं सुरक्षित आहे म्हणताना पोरं डोकं खाली घालून त्यानेच धडका मारू लागली आणि माना मोडू लागल्या. शेवटी १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या खेळात अशा धडकेवर बंदी घातली, तेव्हा मानेच्या दुखापतींनी कायमचं लुळं होण्याचे प्रकार एकदम कमी झाले.

मऊ टोपीने तरी मेंदूचा धक्का टळतो का? ऑस्ट्रेलियात तरुण खेळाडूंवर मोठी पाहणी झाली, २००९ मध्ये तिचा निष्कर्ष आला. टळत नाही. खरचटणं वाचतं, एवढंच.

वर्गात प्रतापगडाचा धडा घेताना अंगरख्याखालचं चिलखत आलं की पोरं टाळ्या वाजवायची. मीही रंगवून सांगायची. पण तिथे समोर अफझलखान होता. इथे समोर कुणाची तरी नातच असणार.

तरीही नियम नेहमी शहाणा असतो असं मी म्हणणार नाही. इयन मॅकिन्ली नावाच्या आयर्लंडच्या खेळाडूच्या डाव्या डोळ्याला २०१० मध्ये बुटाचा खिळा लागला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. उरलेला डोळा जपायला गॉगल हवा, तर तो परवानगीच्या यादीत नाही. पंच तरी काय करणार? त्याने २०११ मध्ये खेळ सोडला. २०१४ मध्ये खास गॉगलची चाचणी सुरू झाली, पण सगळ्या देशांनी ती लगेच मानली नाही, त्यामुळे एका देशात चालणारा गॉगल दुसऱ्या देशात चालेना. २०१७ मध्ये तो इटलीकडून आंतरराष्ट्रीय सामना खेळला. एका डोळ्याने, गॉगल लावून. यादीत एक ओळ वाढवायला इतकी वर्षं लागली, हे मला अजून पटत नाही.

पंचबाईंवरचा राग मात्र गेला. त्यांच्या बोटांना माझा फोम लगेच कळला, म्हणजे त्या नीट तपासत होत्या. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या आजीने आत काही भलतंच शिवलं असेल, तर तेही त्यांना कळेल.

उसवलेला फोम आता मशीनच्या स्टुलावर आहे, बसायला बरा आहे. शिक्क्याची पातळ गादी मागवायची का, यावर सूनबाई आणि नात यांची चर्चा चालू आहे. मला कुणी विचारलेलं नाही. रविवारी पुन्हा सामना आहे. कानातलं काढून ठेव, एवढं तिला सांगायचंय.